क्लचमधली हवा आणि दोन घंट्या

अहमदपूर मागं पडलं आणि मोटरसायकलचा क्लच मऊ लागायला लागला. पिकून गेलेल्या टोमॅटोला बोट लावावं तसा. दांडी दाबली की ती काही कुरकुर न करता आत यायची आणि गाडीवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. माळाकोळीपर्यंत मी दांडी भराभर दोन-तीनदा दाबून कसंबसं भागवलं. लोह्याच्या अलीकडं तेही बंद झालं. दांडी थेट मुठीला जाऊन टेकायला लागली.

लोह्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा वळत होता. थांबावंच लागलं, आणि गाडी एक गचका देऊन बंद पडली.

मी घाबरले नाही, कारण हा प्रकार मला ठाऊक होता. माझं माहेर कंधारजवळचं. वडलांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या कामाला एक जुनाट मोटरसायकल. तिची क्लचची तार सारखी तुटायची, त्यामुळं बिनाक्लचची गाडी कशी हाकायची हे मला कॉलेजला जायच्या आधीच येत होतं. पहिला गिअर टाकून ठेवायचा आणि सेल्फचं बटण दाबायचं. गाडी बेडकासारखी उडी मारते आणि चालू होते. पुढचे गिअर टाकताना मूठ क्षणभर सैल सोडायची आणि पायानं अलगद ढकलायचं. उसाचा ट्रॅक्टर गेला, मी उडी मारली, आणि सोनखेडमार्गे नांदेडला लागले.

गावात शिरल्यावर खरी कसरत होती ती न थांबण्याची. लांबून लाल दिवा दिसला की मी इतकी हळू व्हायचे की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून पुढं निघून जायचे आणि जाताना एकदा वळून बघायचे. साडी नेसलेली, डोक्यावर हेल्मेट घातलेली, चाळिशी उलटलेली बाई एवढी मोठी गाडी बैलगाडीच्या चालीनं कामून चालवून राहिली, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेला असायचा.

घराच्या फाटकातून आत आले आणि ब्रेक दाबला. गाडी थरथरली आणि शेवंतीच्या कुंडीला टेकून बंद पडली. सासरे ओट्यावर बसले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडं तशीच रीत आहे.

"क्लच गेला, मामा," मी म्हणाले.

"कुठं?"

"अहमदपूरच्या पुढं."

त्यांनी कुंडी सरळ आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "एस्टी होती ना दुपारची." आणि आत निघून गेले.

हे एवढंच बोलणं, पण त्याच्या मागं बरंच काही होतं. मी नर्स आहे. त्या वर्षी माझी बदली नांदेडहून लातूरला झाली होती. सोमवारी सकाळी जायचं, आठवडाभर तिथं एक खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी परत यायचं. सुरुवातीचे काही महिने मी एस्टीनंच गेले. मग आमच्या दवाखान्यातले एक डॉक्टर परदेशात निघाले आणि त्यांची मोटरसायकल विकायला काढली. मोठी, जड, काळी गाडी. मी ती एकदा दवाखान्याच्या आवारात चालवून पाहिली आणि मला वडलांच्या गिरणीचे दिवस आठवले. नवऱ्याला फोन केला. तो हदगावकडच्या एका शाळेत मास्तर आहे, आणि माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टींना हो म्हणायची त्याची सवय आहे. तो म्हणाला, "तुला झेपती का ते बघ, बाकी काय न्हाई." झेपत होती.

मामांना मात्र ते लागलं. मामा एस्टीत ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या नोकरीचा मोठा भाग नांदेड-लातूर याच रस्त्यावर गेला होता. लोकांची लेकरं, म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळ्यांना त्यांनी त्या रस्त्यानं सुखरूप नेलं-आणलं. आणि आता त्यांची स्वतःची सून त्याच रस्त्यावर एस्टीला मागं टाकून पुढं जाणार. त्यांनी मला कधी नको म्हटलं नाही. फक्त गाडीबद्दल बोलणं बंद केलं. गाडी अंगणात उभी असली की ते तिच्याकडं न बघता तिच्या बाजूनं जायचे, जसं एखाद्या न आवडणाऱ्या पाहुण्याच्या बाजूनं जावं.

रविवारी सकाळी नवरा कसल्याशा परीक्षेच्या ड्यूटीवर निघून गेला. सोमवारी मला हजर व्हायचं होतं. असल्या गाडीचं काम करणारी जागा हैदराबादला होती, आणि गावातल्या गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं की हे आपलं काम नाही. तेव्हा मी तीन घरं सोडून राहणाऱ्या चाचांना हाक मारली. चाचांचं मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. त्या दिवशी त्यांना कंधारला भाच्याच्या वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला जायचं होतं. ते आले ते पांढराशुभ्र कुर्ता घालून, अत्तर लावून. बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या, गुडघ्यावर रुमाल अंथरला आणि गाडीजवळ बसले.

"हवा घुस गई बेटा," त्यांनी दांडी एकदाच दाबून सांगितलं. मग नळीवरून बोट फिरवत खाली गेले, इंजिनाजवळच्या जोडावर थांबले आणि बोट मला दाखवलं. बोट ओलं होतं. "ये देखो. वायसर गया इधर का. तेल बाहर, हवा अंदर."

दुकानातून त्यांनी तांब्याचे दोन वायसर, म्हणजे जोडात बसणाऱ्या चकत्या, आणि ब्रेक ऑइलचा डबा आणला होता. वायसर बदलून जोड घट्ट केला. इतक्यात फाटकाबाहेर रिक्षा येऊन थांबली आणि आतून चाचींचा आवाज आला, "कुर्ता खराब कर लिए ना?"

"नै किया, नै किया," चाचा उठत म्हणाले. मग मला घाईघाईनं समजावलं. "अब सिर्फ हवा निकालना है. एक जना ऊपर दांडी दबाके पकडना, दूसरा नीचे ये निप्पल खोलना. हवा निकली के निप्पल बंद. बंद होने के बादच दांडी छोडना. पहले छोडे तो हवा वापस अंदर. और ऊपर की डब्बी में तेल कम नक्को होने देना. बस, इत्ताच."

रिक्षा गेली. अत्तराचा वास थोडा वेळ अंगणात राहिला.

हायड्रॉलिक क्लच म्हणजे काय, हे मला त्या क्षणी नीट समजलं. साध्या गाडीत दांडी तार ओढते. या गाडीत दांडी तिच्याशेजारच्या डबीतलं तेल ढकलते. ते तेल नळीतून खाली जातं आणि इंजिनाजवळच्या एका छोट्या दट्ट्याला सरकवतं. तिथंच ते निप्पल, हवा सोडायची छोटी तोटी. तेल दाबलं तर दबत नाही, ते पुढं सरकतं. हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली की आपण नुसती तीच दाबत बसतो आणि खाली काही पोचत नाही. सलाईन लावण्यात माझी निम्मी हयात गेली. नळीतल्या बुडबुड्याला टिचकी मारून वर पाठवायचं आणि मगच सुई लावायची, हे माझे हात झोपेतही करतील. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

घरात एक न वापरलेला, तारीख उलटून गेलेला सलाईनचा सेट होता. त्याची नळी कापली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन वाळवली. बाटलीत थोडं तेल घेतलं, नळीचं एक टोक त्यात बुडवलं आणि दुसरं निप्पलवर चढवलं. नळी पारदर्शक होती, हवा निघाली की दिसणार. आत्यांनी एक जुनं लुगडं आणून टाकीवर पांघरलं, कारण ब्रेक ऑइल सांडलं की रंग सोलवटतो हे मी त्यांना सांगितलं होतं. बादलीभर पाणीही त्यांनी शेजारी आणून ठेवलं.

सगळं तयार झालं आणि लक्षात आलं की माझे हात पुरत नाहीत. डाव्या हातानं दांडी दाबून धरली तर खाली बसता येईना, आणि खाली बसले तर दांडी सुटायची. मी दांडी नाडीनं बांधून पाहिली. तेही जमेना, कारण ती दर वेळी सोडून पुन्हा दाबायची होती. आत्या म्हणाल्या, "मी धरू का?" त्यांनी धरली. पण त्यांच्या बोटांना संधिवात, दांडी अर्ध्यातच थांबायची.

मामा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. शेवटी आत्याच म्हणाल्या, "अहो, ऐकलं का. तुमचे हात काय पेपरला चिकटलेत का?"

मामांनी पेपर घडी केला. उठले, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि गाडीच्या डाव्या बाजूला हँडलजवळ आणून ठेवली. बसून पाहिलं, पुन्हा उठून खुर्ची थोडी मागं सरकवली, पुन्हा बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बसचा क्लच बी असाच असतो. पायात मऊ लागला की डेपोत हेच करायचे." आणि दांडी हातात घेतली.

सुरुवात चांगली झाली. मामांनी दांडी भराभर दाबली आणि मुठीशी घट्ट धरून ठेवली. मी खाली पान्यानं निप्पल सैल केलं. नळीतून फस्स करून तेल आलं आणि त्याच्यासोबत मोठे मोठे बुडबुडे बाटलीत वर आले. मला फार आनंद झाला. मी म्हणाले, "सोडलं."

मामांनी दांडी सोडली.

निप्पल अजून उघडं होतं. बाटलीतलं तेल नळीतून सुर्रकन मागं ओढलं गेलं, आणि तेल थोडंच असल्यानं नळीचं टोक उघडं पडून तेवढी सगळी हवा परत आत.

"मामा, सोडायचं नव्हतं."

"तू सोड म्हणालीस."

"मी म्हणाले सोडलं. निप्पल सोडलं."

"मग निप्पलला सांग ना. मला कामून सांगून राहिलीस."

पुन्हा केलं. या वेळी मी ठरवून 'उघडलं' म्हणाले. मामांना वाटलं फाटक उघडलं, त्यांनी मान वळवली आणि हात सैल पडला. तिसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही, तेव्हा ते अंदाजानं सोडून मोकळे झाले. चौथ्यांदा मी 'बंद' म्हणाले आणि त्यांनी दाबायचंच बंद केलं. दर वेळी हवा आत. दर वेळी आम्ही एकमेकांना तेच समजावून सांगायचो, आवाज थोडा थोडा वाढवून. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या बाई एक टॉवेल फार वेळ झटकत राहिल्या.

मग मामा उठले. मला वाटलं, गेले. पण ते नुसते अंगणात एक चक्कर मारून आले आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले.

"मला तोंडानं सांगू नको," ते म्हणाले. "ड्रायव्हर तोंडाचं ऐकत न्हाई. गाडीत साठ माणसं बडबडतात, कुणाकुणाचं ऐकावं? ड्रायव्हर घंटीचं ऐकतो. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. मागं कंडक्टर काय करून राहिला ते मला बघायचं कामच न्हाई."

मी खाली बसल्या बसल्या त्यांच्याकडं पाहिलं. त्या गाडीविषयी ते माझ्याशी एवढं सलग कधीच बोलले नव्हते.

"म्हणजे एक घंटी दिली की दाबून धरायचं?"

"हाव. थांबायचं, हलायचं न्हाई. दोन दिल्या की सोडायचं."

घंटी कुठून आणायची? मी आत्यांना देवघरातली मागितली. त्या म्हणाल्या, "देवाची घंटी त्या तेलकट हातात न्हाई देणार." आणि आतून एक स्टीलचा पेला आणून दिला. मी तो पालथा करून विटेवर ठेवला. पान्यानं वाजवून पाहिला. चांगला खणखणीत वाजला.

टण. मामांनी दांडी दाबली आणि पुतळ्यासारखे झाले. समोर बघत, पाठ सरळ. मी निप्पल उघडलं, बुडबुडे आले, निप्पल बंद केलं, पुन्हा एकदा पान्यानं ताणून पाहिलं. टण टण. मामांनी दांडी सोडली. हवा परत गेली नाही.

टण. टण टण. टण. टण टण.

एकदा जमल्यावर आम्हाला लयच सापडली. मला वर बघावं लागत नव्हतं आणि त्यांना खाली. मोठे बुडबुडे संपले, मधले सुरू झाले, मग बारीक. सलाईनच्या नळीतून ते एकामागं एक जाताना बघणं मला फार आवडलं. दवाखान्यात बुडबुडा दिसला की जीव वर-खाली होतो. इथं तोच बुडबुडा दिसला की बरं वाटत होतं. मधे एका वेळी मी पेला चुकून तीनदा वाजवला. मामांनी दांडी दाबूनच ठेवली आणि म्हणाले, "तीन म्हंजे काय? कुणी पडलं का गाडीतून?" मला हसू आवरेना. आत्याही हसल्या. मामा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

आणि मग एकदम निप्पलमधून तेलच येईना, नुसती हवा. फुस्स. मी वर पाहिलं, मामांनी खाली पाहिलं, आणि दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. वरची डबी. चाचांनी बजावून सांगितलेली शेवटची गोष्ट आम्ही विसरलो होतो. लयीत येऊन आम्ही डबीतलं तेल पार तळाला नेलं होतं आणि वरूनच भरपूर हवा आत ओढून घेतली होती. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मला रडू यायचंच बाकी होतं. गुडघे दुखत होते, बोटं तेलानं सुरकुतली होती. मामा म्हणाले, "व्हतं असं. घाट चढून गेल्यावर कळतं की पाशिंजर खालीच राहिला. मग काय, परत जायचं आणायला." आणि आत्यांकडं वळून म्हणाले, "तू इकडं ये. समईत तेल घालती तसं हिच्यात घालत बस. अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको."

आत्या आल्या. त्यांनी पदर खोचला, डब्यातलं तेल चहाच्या गाळणीखालच्या लहान भांड्यात काढून घेतलं आणि डबीजवळ उभ्या राहिल्या. त्यांचा हात संधिवाताचा असला तरी तेलाची धार धरायला पक्का होता. एक थेंब बाहेर पडला नाही. थोड्या वेळानं त्यांनी मला सांगितलं की वरच्या डबीतही बारीक बारीक फेस येतोय, आणि मामा दांडी हळू दाबतात तेव्हा तो जास्त येतो. मामांनी लगेच हळू दाबून पाहिलं. खरंच येत होता. काही हवा खालून निघत होती आणि काही सरळ वर चढून डबीतून.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा दांडीला जीव आला होता, पण पूर्ण नाही. सुरुवातीला ती पोकळ जायची आणि शेवटी शेवटी घट्ट लागायची. मी नळीला टिचक्या मारल्या, खालून वर, सलाईनला मारतो तशा. मामांनी हँडल फिरवून डबी सगळ्यात उंच येईल असं केलं. म्हणाले, "कुठंतरी एखादी हवा दडून बसली. आता तिला गडबड करायची न्हाई. दांडी बांध आणि जेवायला चल. ती आपोआप वर येती."

"आपोआप?"

"डेपोत एक हेड मेस्त्री व्हता. तो असाच पेडल दाबून ठेवून जेवायला जायचा. आम्हाला वाटायचं, कामचुकार हाय."

मी माझ्या केसांची जाड रबरं काढून दांडी मुठीला बांधली. ती तशीच ठेवून आम्ही भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि ठेचा खाल्ला. जेवताना मामा बोलत होते. अहमदपूरच्या पुढचं वळण कसं आहे, तिथं उजवीकडून मातीचा रस्ता येतो आणि त्यावरून जनावरं एकदम वर कशी येतात. हिवाळ्यात सकाळी कुठल्या ओढ्यावर धुकं जास्त वेळ थांबतं. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागं कधीच लावून घ्यायचं नाही, कारण मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो. मी त्या रस्त्यानं इतके महिने जात होते, तरी यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. निम्मं मात्र माहीत होतं, आणि मी सांगितलं की त्या ओढ्यावर आता नवा पूल झालाय, धुक्यात आता पूर्वीइतकी भीती नाही. मामांनी घास हातात ठेवून विचारलं, "पूल झाला? कोणत्या अंगानं?" मी ताटात बोटानं पुलाची रेघ काढून दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

जेवून सगळे थोडे आडवे झाले. उठल्यावर मी एकटीच अंगणात गेले आणि रबरं सोडली. दांडी टक्कन बाहेर आली. दाबली. पहिल्या इंचापासून घट्ट. पुन्हा दाबली. तशीच. मी तिथूनच हाक मारली, "मामा, आली."

ते आले, त्यांनी दोनदा दाबून पाहिली आणि मान डोलावली. आत्यांनी बादलीतलं पाणी गाडीच्या खालच्या भागावर ओतून सांडलेलं सगळं तेल धुऊन काढलं. मी डबीचं झाकण लावलं, निप्पल पुसलं, त्यावरची रबरी टोपी बसवली.

"आता चालवून बघते," मी म्हणाले.

मामा फाटकाकडं गेले. मला वाटलं, फाटक उघडायला. त्यांनी फाटक उघडलं, परत आले आणि नवऱ्याचं हेल्मेट खुंटीवरून काढून डोक्यावर घातलं. ते त्यांना मोठं होत होतं.

"मी बसतो मागं," ते म्हणाले. "नुसतं गल्लीत फिरवून कळत न्हाई. लोह्याच्या रस्त्याला घे."

आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

सगळी नोकरी ज्या माणसानं पुढच्या सीटवर काढली, त्याला मागं बसवून गाडी चालवणं सोपं नसतं. पहिली काही मिनिटं माझे हातच आखडले. मागून मला त्यांचे गुडघे जाणवत होते. मी ब्रेक दाबायच्या आधीच त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. चौकात थांबले, क्लच दाबला, गिअर सहज पडला. सुटताना एक धक्का बसला नाही. गावाबाहेर पडलो, दोन्ही बाजूला तूर उभी होती, शेंगा धरलेली. हरभरा हिरवागार पसरला होता. मी वेग थोडा वाढवला. मामांचा पाय हळूहळू शांत झाला.

सोनखेडच्या अलीकडं एका टपरीवर त्यांनी खांद्यावर थोपटलं. थांबलो. चहा घेतला. टपरीवाल्याचे वडील मामांना ओळखत होते. म्हातारे गृहस्थ पुढं आले, एकदा माझ्याकडं, एकदा गाडीकडं आणि एकदा मामांच्या मोठ्या हेल्मेटाकडं बघून म्हणाले, "ड्रायव्हर साहेब, आज तुम्ही पाशिंजर?"

"हाव," मामा म्हणाले. "सून हाय माझी. गाडी लई चांगली चालवती. क्लच आमी दोघांनीच दुरुस्त केला." मग थोडं थांबून त्यांनी जोडलं, "तिची सासू बी व्हती."

मी चहाच्या ग्लासात बघत राहिले.

संध्याकाळी घरी परतलो तर चाचा कंधारहून आलेले होते आणि ओट्यावर आत्यांशी बोलत बसले होते. कुर्ता अजून पांढराच होता. डब्यात खुबानीचं मीठं आणलं होतं. त्यांनी दांडी दाबून पाहिली आणि भुवया वर केल्या. "वा. कौन मेस्त्री बुलाए?"

"घरचाच हाय," आत्या म्हणाल्या.

नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा आम्ही चौघं मीठं खात होतो आणि मामा चाचांना पेल्याची गोष्ट सांगत होते. नवऱ्याला त्यातलं काही कळेना, त्यानं नुसता एक चमचा घेतला आणि शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरला निघाले. मामांनी टायरमधली हवा बोटानं दाबून पाहिली, वरच्या डबीच्या काचेतून तेल पाहिलं आणि सांगितलं की पोचल्यावर फोन कर. एस्टीचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढं त्यांच्या डोळ्यांची तपासणी लातूरला करायची ठरली, तेव्हा मी म्हणाले की सोमवारी मी तुम्हाला एस्टीनं घेऊन जाते. ते म्हणाले, एस्टीनं कशाला, तू गाडीवर जाणारच आहेस. आणि त्याआधीच्या रविवारी ते नवऱ्याला घेऊन बाजारात गेले आणि स्वतःच्या मापाचं हेल्मेट घेऊन आले. लाल रंगाचं, मागं चमकणारी पट्टी असलेलं. आरशात बघून त्यांनी ते दोनदा घातलं, दोनदा काढलं.

तो प्रवास आम्ही सावकाश केला. मामांना नवा पूल पाहायचा होता म्हणून मी त्याच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. ते उतरले, कठड्याजवळ गेले, खाली जुना रस्ता ओढ्यात उतरलेला अजून दिसत होता तो पाहिला. एक एस्टी पुलावरून गेली. ड्रायव्हरनं ओळख नसतानाही हात केला. मामांनी हात केला. मग ते परत येऊन मागं बसले, हेल्मेटाचा पट्टा लावला आणि म्हणाले, "चांगला बांधलाय. चल, चाकूरला भजे खाऊ."